सेल्फ मारला की नुसतं ‘कट-कट’? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

मे महिना, सकाळचे साडेदहा, वरणगाव. बाहेर ऊन एवढं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. भुसावळला लग्न, सगळे तयार होऊन गाडीत बसलेले. नानांनी चावी फिरवली आणि आवाज आला, ‘कट-कट-कट-कट’. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"बॅटरी बसली," असं गाडीतल्या चौघांनी एकदमच सांगितलं.

पण बॅटरी जुन्यापैकी नव्हती. अकरा महिन्यांपूर्वीच नवी टाकली होती. कंपनीतून आलेली पहिली बॅटरी चार वर्षं चालली आणि ही वर्षभरही टिकली नाही. त्याच वर्षात हेडलाइटचे बल्ब दोनदा उडाले होते, पण त्याचा आणि बॅटरीचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. धक्का मारून गाडी सुरू केली, एसी बंद ठेवून भुसावळ गाठलं. पुढे काय निघालं ते सांगतेच, त्याआधी हा सगळा कारभार चालतो कसा ते बघू.

गाडी सुरू होण्यात तीन पात्रं असतात. बॅटरी, सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर, आणि अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे जुनी माणसं अजूनही डायनामो म्हणतात. चावी फिरवली की बॅटरी सेल्फला करंट देते, सेल्फ इंजिन फिरवतो, इंजिन सुरू झालं की बेल्टवर अल्टरनेटर फिरतो. तो गाडीला वीज पुरवतो आणि बॅटरीतून गेलेला चार्ज भरून काढतो. म्हणजे बॅटरीचं मुख्य काम सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांचं. पण ते काम भारी असतं. साध्या हॅलोजन हेडलाइटचे दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपियर घेतात, तर छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभरच्या पुढे जातो. डिझेलला त्याहून जास्त. म्हणूनच हॉर्न वाजतो, लाइट लागतात, पण गाडी सुरू होत नाही असं घडतं. "लाइट लागतायत म्हणजे बॅटरी ठीक आहे" हे वाक्य त्यामुळे फारसं कामाचं नाही.

आता आवाज. खरं सांगायचं तर अर्धं निदान कानानेच होतं.

‘कट-कट-कट’ असा भराभर आवाज येत असेल तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाहीये. बॅटरी उतरलेली असेल, नाहीतर टर्मिनल ढिलं किंवा खराब झालेलं असेल. एकच ठसठशीत ‘टक’ येऊन पुढे शांतता, आणि तेव्हा हेडलाइट मंद न होता तसेच राहिले, तर संशय सेल्फवर घ्या. त्याचे कार्बन झिजलेले असू शकतात. सेल्फ ‘घर्रर्र’ करून मोकळाच फिरतोय आणि इंजिन हलत नाही, तर सेल्फचं पुढचं दातेरी चाक इंजिनाच्या चाकात अडकत नाहीये. काहीच आवाज नाही? मग आधी क्लच पूर्ण दाबलाय का बघा. हसू नका, बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत, आणि ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये असावी लागते. आणि इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तो पेट्रोलचा, स्पार्कचा किंवा सेन्सरचा प्रश्न आहे.

यानंतर बोनेट उघडायचं आणि टर्मिनल बघायचं. त्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलेली असते. ती करंट अडवते. क्लॅम्प हाताने हलवून फिरला तर तो ढिला आहे. साफ करायचं तर इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, घट्ट बसवा, वर थोडी व्हॅसलीन लावा. जोडताना उलटं, म्हणजे पॉझिटिव्ह आधी. डोळ्यांना आणि हातांना ती पूड लागू देऊ नका, त्यात ॲसिडचा अंश असतो. बऱ्याचदा ‘बसलेली’ बॅटरी एवढ्यानेच उठते.

तरीही नाही झालं तर मल्टीमीटर. तीन-चारशे रुपयांत साधा मीटर मिळतो. डीसी व्होल्टवर 20 च्या रेंजला ठेवायचा, लाल वायर पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला.

पहिलं माप गाडी रात्रभर बंद राहिल्यानंतर घ्या. 12.6 च्या आसपास आलं तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दुसरं माप कुणालातरी सेल्फ मारायला सांगून घ्यायचं. आकडा खाली जाणारच, पण साडेनऊ-दहाच्याही खाली कोसळला तर बॅटरीत दम उरलेला नाही. 12.6 दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच 7 वर येते तेव्हा समजायचं की वरून भरलेली दिसली तरी ती आतून पोकळ आहे. अर्थात हे माप चार्ज केलेल्या बॅटरीवरच घ्या, नाहीतर बिचारी नुसती उपाशी असायची आणि आपण तिला म्हातारी ठरवायचो.

तिसरं माप बहुतेक लोक घेतच नाहीत, आणि नानांचे पैसे तिथेच गेले. इंजिन सुरू ठेवून पुन्हा बॅटरीवर मीटर लावायचा. साधारण 13.8 ते 14.5 यायला हवं. 12.5 च्या आसपासच राहून हळूहळू उतरत असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. बेल्ट ढिला, कार्बन झिजलेले किंवा आतले डायोड गेलेले. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तर तीही दोन-चार दिवसांत उतरणार. एक अपवाद लक्षात ठेवा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या सांगण्यावरून चालतो, त्यामुळे चालू गाडीत कधी 12.8 तर कधी 14.8 दिसू शकतं. लाइट, एसी लावून थोडा वेळ बघा, लगेच निकाल देऊ नका.

तर नानांची गाडी. भुसावळला लग्न उरकल्यावर एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी दुसऱ्या बॅटरीने गाडी सुरू केली, ती बॅटरी सोडवण्याआधी मीटर लावला. 15.4. थोडं रेस केलं, 15.6. मग त्यांनी नानांची बॅटरी दाखवली. कडेला फुगलेली, आतलं पाणी प्लेटच्या खाली गेलेलं, सडक्या अंड्यासारखा वास.

"नाना, बॅटरी खराब नव्हती. गाडीने मारली तिला," ते म्हणाले.

अल्टरनेटरमध्ये व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर असतो, मेकॅनिक त्याला कटआउट म्हणतात. तो बिघडला होता. जास्त व्होल्टेजने बॅटरी रोज उकळत होती आणि हेडलाइटचे बल्बही त्यानेच उडत होते. आणि वरून आमच्याकडचा उन्हाळा.

या उन्हाळ्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. बॅटरी थंडीत जाते असं आपण ऐकतो, कारण डिसेंबरच्या सकाळी गाडी अडते. पण लेड-ॲसिड बॅटरीचं खरं नुकसान उष्णतेत होतं. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया अंदाजे दुप्पट वेगाने होतात. प्लेटच्या जाळीला गंज चढतो, पाणी उडतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि महामार्गावरून आलेल्या गाडीच्या बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त गरम असतं. थंडीत फक्त उन्हाळ्याचं बिल येतं. तेव्हा इंजिन ऑइल घट्ट असतं, बॅटरीची ताकद उतरलेली असते, आणि मे महिन्यात खिळखिळी झालेली बॅटरी डिसेंबरात हात वर करते. शिवाय गरम बॅटरीला चार्ज व्हायला कमी व्होल्टेज लागतं. म्हणजे खान्देशात 15.4 हे पुस्तकातल्या 15.4 पेक्षाही वाईट.

त्यामुळे दुकानदार "उन्हाळ्यात बॅटऱ्या बसतातच" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण अकरा महिन्यांत बसली तर चार्जिंगचं माप घ्यायलाच लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता पुण्या-मुंबईत राहून गाडी गावी ठेवणाऱ्यांसाठी. बंद गाडीही थोडा करंट खाते. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म. साधारण 50 मिलिअँपियरपर्यंत हे चालतं. पण 50 मिलिअँपियर म्हणजे दिवसाला 1.2 अँपियर-तास, आणि छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपियर-तासांची. दोन आठवड्यांत निम्मी रिकामी. त्यात बाहेरून जोडलेला जीपीएस किंवा कॅमेरा असेल तर आणखी लवकर. रोज पाच मिनिटं जागेवर सुरू करून ठेवण्याने फार भरपाई होत नाही, आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास फिरवून आणलेली बरी.

दोन गोष्टी मात्र करू नका. इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून "डायनामो चालतो का" बघण्याची जुनी पद्धत आहे. बॅटरी ही व्होल्टेजचा झटका सोसणारी उशी असते, ती काढली की क्षणभर व्होल्टेज प्रचंड उसळू शकतं आणि ईसीयू जळू शकतो. तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग. दुसरं, जंप स्टार्ट करताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर लावू नका, लांब इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. फुगलेल्या किंवा वास येणाऱ्या बॅटरीला तर जंप देऊच नका. आणि धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला, ऑटोमॅटिकला नाही.

नानांना शेवटी रेग्युलेटरही बदलावा लागला आणि बॅटरीही, कारण जुनी वाचण्यासारखी राहिली नव्हती. आता इंजिन सुरू केलं की मीटर 14.2 दाखवतो. हे मला पक्कं माहीत आहे, कारण नानांनी स्वतःचा मल्टीमीटर घेतलाय आणि दर रविवारी आकडा फॅमिली ग्रुपवर टाकतात.