पुंगळी पुन्हा भरायची, पण कोणत्या प्रेसवर?

अमेरिकेतल्या कित्येक पिस्तूल रेंजवर सराव संपला की नेमबाज खाली वाकून जमिनीवरच्या पितळी पुंगळ्या वेचू लागतात. काडतुसाचे घटक सुटे विकत घेतले तर त्यांत सर्वांत महाग पडते ती ही पुंगळीच, आणि नेमकी तीच पुन्हा पुन्हा वापरता येते. गोळी उडून जाते, दारू जळून जाते, दारूला पेट देणारा प्रायमर एकदा फुटला की संपतो. पुंगळी मात्र साफ करून, मूळ मापावर आणून, नव्याने भरता येते. तिथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. म्हणूनच गॅरेजच्या कोपऱ्यात मजबूत टेबलाला बोल्टने आवळलेले रिलोडिंग प्रेस हे तिथल्या बऱ्याच नेमबाजांच्या घरचे नेहमीचे दृश्य आहे.

भारतात हे चालत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे, पण घरच्या टेबलावर हे काम करण्याची मुभा आपल्याला नाही. आपल्या राही सरनोबतने ज्यात नाव कमावले त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्यात पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते, त्यामुळे असले काडतूस घरच्या प्रेसवर पुन्हा भरता येत नाही. तेव्हा पुढचे सगळे अमेरिकेत राहून हा छंद कायदेशीरपणे जोपासणाऱ्यांसाठी.

प्रेस म्हणजे एक दांडा, एक दट्ट्या आणि वर बसवलेले साचे, म्हणजे डाय. दांडा खाली ओढला की दट्ट्या पुंगळीला वर डायमध्ये ढकलतो. पहिली डाय जुना प्रायमर काढते आणि फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणते. नवा प्रायमर बसला की दुसरी तोंड किंचित रुंद करते. मग दारू पडते, गोळी बसते आणि शेवटी तोंड आवळले जाते. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइडच्या डाय घ्याव्यात. त्यांना वंगण लागत नाही, आणि शेकडो पुंगळ्या एकेक करून तेल लावून पुसायचा कंटाळवाणा उद्योग वाचतो. इथे दोन पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यावेत.

प्रेसचे तीन प्रकार. सिंगल स्टेजमध्ये एका वेळी एकच डाय बसते. सगळ्या पुंगळ्यांवर पहिले काम उरकायचे, डाय बदलायची, मग दुसरे काम. तासाला पन्नास-साठ काडतुसे होतात. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला सुरू केलेल्या आरसीबीएसचे ‘रॉक चकर’ हे या जातीचे भक्कम उदाहरण. रायफलवाले त्यावर खूश असतात, कारण त्यांना संख्येपेक्षा नेमकेपणा हवा असतो. पिस्तूलवाल्याचा मात्र एका रविवारच्या सरावातच दोन-तीनशे गोळ्यांचा फडशा पडतो, आणि पुढचा आठवडा दांडा ओढण्यात जातो.

दुसऱ्या टोकाला प्रोग्रेसिव्ह. दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते, कारण तीन-चार-पाच पुंगळ्यांवर एकाच वेळी वेगवेगळी कामे चालू असतात. माइक डिलन यांच्या अ‍ॅरिझोनातल्या कंपनीचे ‘आरएल ५५०’ हे या वर्गातले नावाजलेले यंत्र. ते साध्या प्रेसच्या कित्येक पट महाग आहे, आणि ते तितके टिकतेही. ली कंपनीचे ‘प्रो १०००’ पुष्कळ स्वस्त, पण ते सारखे जुळवत बसावे लागते, आणि नवख्या माणसाला ही जुळवाजुळव झेपत नाही. त्याने स्वस्त प्रोग्रेसिव्हच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण प्रश्न वेगाचा नाही, नजरेचा आहे. .३८ स्पेशलचेच पाहा. हे काडतूस १८९८ चे, काळ्या दारूच्या जमान्यातल्या मापाचे. आजची धूररहित दारू त्या पुंगळीच्या तळाशी चिमूटभरच दिसते. चुकून दोनदा पडली तरी ती बाहेर सांडत नाही, मुकाट मावते, आणि असे काडतूस उडवले की रिव्हॉल्वर फाटू शकते. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी सुटली की नळी फुगते. ‘५५०’मध्ये पुंगळ्यांची चकती हाताने फिरवावी लागते. लक्ष विचलित होऊन ती फिरवायची राहिली, तर त्याच पुंगळीत पुन्हा दारू पडू शकते. प्रत्येक पुंगळीत प्रकाशात डोकावून पाहिल्याशिवाय वर गोळी ठेवायची नाही, हा नियम कुठल्याच यंत्रावर मोडता येत नाही.

म्हणूनच कमी खर्चात पिस्तुलाची काडतुसे भरणाऱ्याने मधला मार्ग घ्यावा, तो म्हणजे टरेट प्रेस. विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डच्या ली कंपनीचे चार भोकांचे ‘क्लासिक टरेट’ मला यात सर्वांत शहाणपणाचे वाटते. चारही डाय वरच्या फिरत्या चकतीत बसवलेल्या असतात. पुंगळी जागेवरच राहते आणि दर ओढीला चकती आपोआप एक घर पुढे सरकते. चार ओढींत एक काडतूस, म्हणजे सवय झाली की तासाला दीडशे-दोनशे. एका वेळी एकाच पुंगळीचे काम चालते, त्यामुळे दारू पडली की नाही हे नजरेतून सुटण्याची भीती बरीच कमी होते. वापरलेले प्रायमर पोकळ दट्ट्यातून खाली नळीत जातात, टेबलभर घाण होत नाही. ९ मिमीवरून .४५ वर जायचे तर डायसकट अख्खी चकती उचलून दुसरी बसवायची. चकती फिरवणारा चौकोनी दांडा काढून ठेवला की हेच यंत्र सिंगल स्टेजसारखेही चालते, आणि शिकताना पहिले काही दिवस ते तसेच चालवावे. एक उणीव आहे. चकती फिरवणारा प्लास्टिकचा छोटा तुकडा झिजतो. तो अगदी स्वस्त मिळतो, एक-दोन जास्तीचे आणून ठेवले की काम भागते.

पैसे किती वाचतील? ९ मिमीच्या बाबतीत थोडेच, कारण कारखान्यातले काडतूसही तिथे स्वस्त असते. .४४ मॅग्नम किंवा .४५ कोल्टमध्ये फरक चांगला पडतो. पण बरेच जण पैशांपेक्षा मनासारखे काडतूस मिळावे म्हणून याकडे वळतात. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग भागिले हजार, हा आकडा मायनर गटासाठी किमान १२५ लागतो. बाजारातले काडतूस सहसा त्यापेक्षा बरेच जोरकस असते. घरी ते त्या हद्दीच्या जरा वर ठेवता येते, आणि झटका कमी बसल्याने दुसरी गोळी लवकर साधते.

प्रेसवर वाचलेले पैसे चांगला वजनकाटा आणि छापील लोड मॅन्युअल यांवर घालावेत. दारूचे प्रमाण मॅन्युअलमधूनच घ्यावे, मित्राच्या तोंडून नव्हे. काम खेळत्या हवेत करावे, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. प्रायमर आणि गोळ्यांत शिसे असते, म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. महिन्याला शंभरच्या आत गोळ्या उडवणाऱ्याला सिंगल स्टेज पुरे. हजाराच्या पुढे जाणाऱ्याने थांबून, पैसे साठवून ‘५५०’ घ्यावे. मधल्या सगळ्यांनी चार भोकांचे टरेट घ्यावे.