दत्तकघर, लेखांक ११ : पोरगी आली, बोलीही बरोबर आली

मूल परदेशी दत्तक जाताना लागणारा पासपोर्ट, ‘कारा’ या दत्तकविषयक केंद्रीय प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र आणि आंतरदेशीय दत्तकाबद्दलच्या हेग कराराच्या कलम २३ खालचं प्रमाणपत्र हे कागद कसे निघतात, ते आज सांगायचं कबूल केलं होतं. ते आता पुढल्या शनिवारी. मध्येच आपल्या हिंगणघाटच्याच एका आजींचं पत्र आलं आणि त्यांच्या प्रश्नाला आठवडाभर ताटकळत ठेवणं मला बरं वाटेना.

आजींचा मुलगा आणि सून नेदरलँड्समध्ये असतात. विदर्भातल्याच एका संस्थेतून त्यांनी चार वर्षांची मुलगी दत्तक घेतली. ती तिकडच्या घरी पोचून आठवडा झाला. पोरगी गुणी आहे, रडतसुद्धा नाही, असं आजी कौतुकानं लिहितात. पलंगावर निजवलं की रात्री उतरून सतरंजीवर येते. अंघोळीचा टब पाहून अंग चोरते. बादली नि मग दिला की मजेत न्हाते. चीज पुढे केलं की ‘मले नाही पायजे’. व्हिडिओवर आजी दिसल्या की एकच विचारणं, ‘मावशी कुठं गेली?’ सुनेला तिकडे कुणीतरी सल्ला दिला, घरात मराठी बंद करा म्हणजे डच लवकर येईल. आजी विचारतात, मी तिच्याशी बोलू, की तिच्या भल्यासाठी गप्प बसू?

आजी, बोला. रोज बोला आणि ‘मले-तुले’च बोला.

आपल्याला वाटतं, मुलीला घर मिळालं. मिळालंच; पण तिच्या बाजूनं पाहिलं तर आधी एक घर गेलं. संस्था असली तरी ते तिचं घर होतं. तिथली सांभाळणारी मावशी, शेजारी निजणारी पोरं, रात्रभर जळणारा दिवा, स्टीलचा पेला, खिचडीचा वास, सगळं एका विमानप्रवासात नाहीसं झालं. या वयात ‘का’ ते समजावून सांगता येत नाही. बरोबर आली ती अंगावरच्या सवयी आणि तोंडातली बोली. तीही पहिल्याच आठवड्यात काढून घ्यायची?

न रडण्याबद्दलही सांगतो. लंडनच्या जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक माहितीपट केला. दोन वर्षांची लॉरा बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, त्याचं हे चित्रण. लॉरा फारसा आकांत करत नाही. पण नीट पाहिलं की तिचं गप्प होत जाणं दिसतं. मुलांच्या वॉर्डात आईबापांना जास्त वेळ थांबू द्यावं, हा विचार रुजण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा आहे. तेव्हा ‘रडत नाही’ याला गुणीपणा समजू नका. पुढे कधी ती मोठ्यानं रडली तर घाबरू नका. रडायला हक्काचं माणूस सापडलं, असाही त्याचा अर्थ असतो.

आता भाषेकडे येतो. हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

पॅरिसच्या ख्रिस्तोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेली आणि आता विशी उलटलेली माणसं त्यांनी तपासली. इतर भाषांच्या वाक्यांमधून कोरियन वाक्यं त्यांना ओळखता येईनात. मेंदूच्या तपासणीतही कोरियन ऐकताना ते आणि जन्मजात फ्रेंच माणसं यांच्यात फरक दिसला नाही. आठ वर्षांचं मूल म्हणजे घडाघडा बोलणारं मूल; तरी सगळं पुसलं गेलं. वापर थांबला की लहान मुलाची भाषा इतकी झपाट्यानं जाते.

पण गोष्ट तिथं संपली नाही. लेहेर सिंग आणि सहकाऱ्यांनी २०११ साली भारतातून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांवर अभ्यास केला. आपला दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ इंग्रजी कानाला वेगळे लागत नाहीत. या मुलांनाही ते लागेनात. अमेरिकन मुलांसारखीच तीही अडखळली. मग सगळ्यांकडून थोडा सराव करून घेतला. भारतातून आलेल्या मुलांचा कान उघडला, बाकीच्यांचा नाही. शब्द गेले होते, आवाजाची खूण मात्र राहिली होती. २०१४ साली माँट्रियलमध्ये चीनमधून तान्हेपणी दत्तक आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींच्या मेंदूतही चिनी स्वरांची अशीच खूण सापडली.

तान्हेपणी दत्तक जाणं आणि चौथ्या वर्षी जाणं यांत मात्र फरक आहे. क्रिकेटपटू लिसा स्थळेकर पुण्यात १९७९ साली जन्मली. ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ या संस्थेतून तिला अवघ्या काही आठवड्यांची असताना दत्तक घेतलं. पुढे ती ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली. इतक्या तान्ह्या बाळाच्या तोंडात अजून शब्द आलेले नसतात. चार वर्षांच्या मुलीचं तसं नाही. तिला ‘शू आली’, ‘पोट दुखते’, ‘भेव वाटते’ हे आत्ता, आज सांगायचं असतं. हे ज्याला कळेल तोच तिचा माणूस. डच ती शाळेत, मैदानात शिकेलच. त्यासाठी घरातली मराठी बंद करायची काही गरज नाही. आजींच्या मुलासुनेला मराठी येते, हे त्या मुलीचं मोठंच भाग्य. बहुतेक परदेशी पालकांजवळ तेवढंही नसतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. काही मुलांना जुनी भाषा अचानक कानावर पडली की आपल्याला परत नेणार, अशी धास्ती बसते. नात तोंड फिरवेल त्या दिवशी आग्रह करू नका. आणि ‘मावशी कुठं गेली?’ याला ‘येईल हं’ असं खोटं उत्तर देऊ नका. ‘मावशी तिच्या घरी आहे, तू आईबाबांजवळ आहेस, आता इथंच राहायचं’, हे दहादा विचारलं तर दहादा सांगा.

जे पालक मुलाला आणायला जाणार आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. संस्थेनं मुलाबद्दल तयार केलेल्या अभ्यास-अहवालात सवयी नोंदलेल्या असतात, पण तेवढ्यावर थांबू नका. पाणी, भूक, शू, झोप, भीती यांना मूल काय म्हणतं, ते मावशीला विचारून लिहून घ्या. संस्थेची परवानगी घेऊन मावशीची अंगाई फोनवर ध्वनिमुद्रित करा. पांघरुणाचा एखादा तुकडा न धुता सोबत न्या. परदेशी गेलेल्या मुलाचे पाठपुरावा-अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी जातात. त्यात वजन-उंचीबरोबर मूल अजून कोणते जुने शब्द वापरतं तेही आवर्जून लिहायला सांगा. कागदांचं पुढल्या शनिवारी नक्की.