ई-स्कूटर आणि गृहज्योतीचे २०० युनिट

कमलनगरात ई-स्कूटर घेणारे हमखास म्हणतात, “गृहज्योतीत २०० युनिट फुकट आहेत, मग चार्जिंगला खर्च कसला?” समज स्वाभाविक आहे, पण योजना तशी नाही. २०२३ पासून कर्नाटकात लागू असलेल्या गृहज्योती या मोफत वीज योजनेत २०० ही कमाल मर्यादा आहे. प्रत्येक घराचा हक्क वेगळा: २०२२-२३ मधला महिन्याचा सरासरी वापर, अधिक साधारण १० टक्के. रेशनसारखेच हे, कोट्यापुरते मिळते, वरचे विकत घ्यावे लागते.

समजा, तुमची सरासरी १४० युनिट (१००० वॅटचे उपकरण तासभर चालले की १ युनिट) आहे. मग हक्क १५४ युनिटांचा. ३ युनिटची बॅटरी पूर्ण भरायला साधारण साडेतीन युनिट लागतात. काही वीज चार्जर तापण्यातच जाते. दिवसाआड चार्जिंग म्हणजे महिन्याला ५२ युनिट. एकूण वापर १९२, त्यातल्या ३८ युनिटांचे पैसे जेस्कॉम या वीज कंपनीला भरायचे.

इथवर परवडते. खरा फटका उन्हाळ्यात, कूलर सुरू झाल्यावर बसतो. वापर २०० च्या वर गेला की त्या महिन्याची सवलतच जाते आणि सगळे बिल भरावे लागते.

स्कूटर जरूर घ्या. आधी जुनी बिले काढून आपली सरासरी तेवढी बघा.