दुअंमल

एका वाड्यास दोन कारभारी झाले म्हणजे काय होतें, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण सबंध देशासच दोन धनी असले तर? त्याचें एक विलक्षण उदाहरण पॅसिफिक महासागरांत घडून गेलें आहे.

लॅटिन भाषेंत ‘कॉन’ म्हणजे सह व ‘डोमिनियम’ म्हणजे स्वामित्व. यावरून ‘कॉन्डोमिनियम’ हा शब्द सिद्ध झाला. अमेरिकेंत हल्लीं सामाईक जिना-अंगण असलेल्या सदनिकांच्या इमारतींसही तो लावतात. राजनीतींत मात्र त्याचा अर्थ एकाच भूमीवर दोन राज्यांची सामाईक सत्ता. आपल्याकडे निजामाच्या मुलखांत त्याचे व मराठ्यांचे असे दोघांचेही अंमलदार वसुलास येत. त्या स्थितीस आपल्या पूर्वजांनीं ‘दुअंमल’ हें चोख नांव दिलें होतें. आम्हीही तेंच वापरतों.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस न्यू हेब्रिडीज नांवाचीं बेटें होतीं. तेथें इंग्रज व फ्रेंच दोघेही वसले आणि कोणीच हटेना, म्हणून १९०६ सालीं करार होऊन दोघांचें संयुक्त राज्य सुरू झालें. मग काय विचारतां! दोन कमिशनर, दोन पोलीसदलें, दोन चलनें, दोन तऱ्हेच्या शाळा, तुरुंगही दोन. तिसऱ्या देशाचा मनुष्य येऊन राहिला, तर इंग्रजी कायदा कीं फ्रेंच, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. संयुक्त न्यायालयांत एक न्यायाधीश इंग्रज, एक फ्रेंच आणि अध्यक्ष स्पेनच्या राजानें नेमलेला. पहिल्या अध्यक्षांस ऐकूं कमी येई, असें सांगतात. थट्टेखोर लोक या राज्यास ‘पँडेमोनियम’, म्हणजे निवळ गोंधळ, म्हणत.

थट्टा येथवर ठीक. परंतु त्या बेटांच्या मूळ रहिवाशांचें काय? त्यांस इंग्रजांचें नागरिकत्व नव्हतें, फ्रेंचांचेंही नव्हतें; त्यांनीं तें त्या बेटांत मिळवूंच नये, अशी करारांतच तजवीज होती. दोन घरचा पाहुणा उपाशी, असें आपण म्हणतों. येथें पाहुणे दोन आणि उपाशी घरधनी!

आमच्या मतें खरें वैगुण्य दोन धनी असण्यांत नव्हतें. मिताक्षरेंत सहस्वामी पुष्कळ असतात. पण त्या घरांत जन्मलेल्या मुलास जन्मतःच वाटा मिळतो. (मुलीस तो महाराष्ट्रांत १९९४ पर्यंत नव्हता, तेव्हां आपणही फार मान ताठ करूं नये.) न्यू हेब्रिडीजमध्यें भूमीवर जन्मास आलेलाच तेवढा वाटणींतून वगळला गेला. त्याची जमीन गोऱ्या मळेवाल्यांनीं घेतली, आणि तिचे वाद त्या संयुक्त न्यायालयापुढें चालत.

ही दुअंमल ३० जुलै १९८० रोजीं संपली व त्या बेटांचें वानुआतू झालें. तेथील शिक्षणाच्या मुख्य भाषा इंग्रजी व फ्रेंच अशा दोन राहिल्या; लोकांची राष्ट्रभाषा मात्र बिस्लामा. देशांतील सर्व जमीन मूळ परंपरागत मालकांची व त्यांच्या वंशजांची आहे, असें त्यांनीं आपल्या राज्यघटनेंतच लिहून ठेविलें आहे.