ओटीपी कानातल्या कानात

“ओटीपी सांगा मामा.”

मामांना दिसत नाही. नातू फोन डोळ्यांजवळ धरून सहा आकडे मोठ्यानं वाचतो. दुकानदार ते टाइप करतो आणि बाकड्यावर बसलेले आम्ही सगळे ते ऐकतो. आधार कार्ड दुकानदाराकडं, फोन नातवाकडं, बँकेचं पासबुक झेरॉक्सच्या काचेवर उलटं पडलेलं. ज्यांचा अर्ज आहे त्या मामांच्या हातात फक्त काठी.

नांदेडहून लातूरकडं निघालं की विष्णुपुरी लागते, हे दुकान तिथलंच. गोदावरीवरचं धरण, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, सगळं इथंच. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणीला मुखेड, देगलूर, पार किनवटकडूनही माणसं येतात. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यानं ते 21 केले. अर्ज मात्र आता आधी ऑनलाइन करायचा आणि मग डॉक्टरांपुढं जायचं. प्रमाणपत्रासोबत मिळणाऱ्या कार्डाच्या रंगावरून दिव्यांगत्व किती ते कळतं: 40 टक्क्यांच्या आत पांढरा, त्यापुढं पिवळा, 80 पासून निळा. या कार्डाच्या पोर्टलचं नाव ‘स्वावलंबन’ आहे.

स्वावलंबन म्हणजे नक्की काय, हे मला मामांच्या नाही, एका विद्यार्थ्याच्या शेजारी बसून कळलं. एम.ए. करतो, जन्मापासून दृष्टिहीन, गाव मुखेड तालुक्यात. खोलीवर गेलो तर लॅपटॉप सुरू आणि पडदा काळा. “उजेड कमी करून ठेवलाय सर. माझ्यासाठी बॅटरी कामून जाळायची?” आतून मात्र एनव्हीडीएचा आवाज येत होता. एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं लिहायला घेतलं आणि ते आजही फुकट मिळतं. त्याचा वेग यानं इतका वाढवलेला, की मला फक्त तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येत होतं. माझ्यासाठी त्यानं वेग कमी केला आणि स्वतः कंटाळला.

माऊस तो वापरत नाही. एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की पुढचं बटण, एफ दाबलं की भरायची पुढची चौकट. पान नीट बांधलेलं असेल तर माणूस घरात वावरावा तसा त्यात फिरतो. त्या दिवशी एका योजनेचा अर्ज उघडला होता. योजना कोणती, खातं कोणतं, ते राहू द्या.

पहिल्या चौकटीवर आवाज म्हणाला, “एडिट, ब्लँक.” दुसऱ्या चौकटीवरही तेच. तिसऱ्यावरही.

“हे बगा सर, आता काय म्हणायलंय. भरा म्हणायलंय, पण काय भरा ते सांगंना.”

पडद्याचा उजेड वाढवून मी पाहिलं. चौकटीच्या वर स्पष्ट लिहिलेलं होतं: अर्जदाराचे संपूर्ण नाव. डोळ्यांना ते शेजारी शेजारी दिसतं, पण आत, कोडमध्ये, ‘ही पाटी या चौकटीची’ असं कुणी बांधून दिलेलंच नव्हतं.

जन्मतारीख टाइप करता येत नव्हती, कॅलेंडरातून निवडायची होती. पोराचा जन्म 2003 चा. एका टिचकीला एक महिना मागं. 22 वर्षांचे 264 महिने. तो बाण तरी कीबोर्डानं दाबला जावा, तर तेही नाही. जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी खाली गुपचूप बदलली, आवाजानं त्याची खबर दिली नाही. अर्ज पुढं जाईना म्हणून वर गेलो, तर तिथं सूचना होती: लाल रंगातील रकाने भरा.

मग कॅप्चा आला. ऐकायची सोय नव्हती. एरवी तो गावाकडं बहिणीला व्हिडिओ कॉल लावतो आणि फोन पडद्यासमोर धरतो. त्या दिवशी मी होतो. ऐटीत वाचून दाखवला. चुकला. मोठा आय आणि छोटा एल यात मी फसलो होतो. भरलेलं सगळं पान कोरं झालं. तो काही बोलला नाही, पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरू झाला. मला मात्र घाम फुटला.

अर्जासोबत एक माहितीपत्रक होतं. त्यातल्या ‘काम’ या शब्दावर आवाज म्हणाला, “डी, के, ई.” मला वाटलं यंत्र बिघडलं. बिघडलं नव्हतं, पत्रक कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टंकलेलं होतं. त्या फाँटात डी या इंग्रजी अक्षराला ‘क’ चं चित्र चिकटवलेलं असतं, के ला काना आणि ई ला ‘म’. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला मात्र ते इंग्रजीच वाटतं. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ च असतो, म्हणून वाचता येतो. पण कार्यालयांतल्या कित्येक बोटांना जुनी सवय आहे. आणि कागद सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून चढवला, तर तो पडदावाचकाला नुसता फोटो. गंमत म्हणजे या पोराला कृतिदेवची अक्षरं कानानं ओळखू यायला लागलीत. “यू, के, ए, एन, एस, एम म्हणजे नांदेड,” म्हणाला. अशी विद्या शिकायची वेळ कुणावर येऊ नये.

खोलीतला दुसरा पोरगा अभियांत्रिकीचा, संगणक शाखेचा. तो म्हणाला, “दादा, थांबा.” ब्राउझरमध्येच त्या पानाचा कोड उघडला. पाटी आणि चौकट यांना एकाच नावाच्या खुणेनं जोडलं. एफ दाबलं. “अर्जदाराचे संपूर्ण नाव,” आवाज म्हणाला, पण साहेबाच्या उच्चारात. मग त्यानं पानाच्या सुरुवातीला भाषेच्या जागी एम आणि आर ही दोन अक्षरं घातली, तसा आवाज मराठीवर आला. ठेवलेला चहा अजून कोमट होता. आम्ही तिघंही हसलो. पण ही दुरुस्ती त्याच्या लॅपटॉपपुरती, त्या घटकेपुरती. पान रिफ्रेश झालं की चौकट पुन्हा मुकी.

नियम नाहीत असं मुळीच नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, तिसरी आवृत्ती 2023 ची. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असा फरक हवा, इथपर्यंत बारकावे जागतिक मानकांत ठरलेले आहेत. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2016 च्या कायद्याखालचा सुगम्यतेचा नियम 15(1) रद्द केला. कारण कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसती शिफारस करतो, हे जुळत नव्हतं. 30 एप्रिल 2025 ला प्रज्ञा प्रसून खटल्यात त्याच न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या खटल्यातली अडचण साधी होती. केवायसी करताना ॲप सांगतं, डोळे मिचकवा. ॲसिडहल्ल्यात पापण्याच गेल्या, त्या बाईनं काय मिचकवायचं?

यादी इथं संपत नाही. ऐकू न येणाऱ्याला तक्रारीसाठी फोन नंबर दिला जातो. कुष्ठरोगानं बोटं झिजलेल्याला अंगठा मागितला जातो. पण माझ्या मनात दुकानातला ओटीपीच घोळत होता. ऑनलाइनमुळं मधला माणूस जाईल असं आपण ऐकलं होतं. मामांच्या बाबतीत तो गेला नाही, उलट त्याच्या हातात किल्ल्याही आल्या. दुकानदार भला आहे म्हणून चाललंय.

दुसऱ्या खेपेला कॅप्चा अभियांत्रिकीवाल्यानं वाचला. ओटीपीची वेळ आली तसं एम.ए.वाल्यानं खिशातून इअरफोन काढला, फोनला लावला, एक बोंड कानात घातलं. सहा आकडे त्याला एकट्याला ऐकू आले. मान किंचित कलती करून त्यानं ते भराभर टाकले. मी शेजारीच होतो, मला एकही कळला नाही.

पोचपावतीची छापील प्रत लागणार होती, म्हणून तिघं खाली दुकानावर आलो. कागद हातात आल्यावर त्यानं दोन्ही बाजूंवरून बोट फिरवलं.

“सर, सरळ बाजू कोणती?”

मी कागद फिरवून त्याच्या हातात दिला. त्यानं वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक घडी घातली आणि पिशवीत ठेवला.