शिवकालीन आरमार आणि फिरंगी कप्तान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिवाजी महाराजांचे आरमार फिरंग्यांनी उभारले व त्यांच्याच कप्तानांनी चालविले, ही समजूत ज्या पुराव्यावर उभी आहे तो खरा असला, तरी त्याचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी तेथील खाडीत जहाजबांधणी सुरू केली, आणि 1659 च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारानुसार रुई लेतांव व्हिएगस व त्याचा मुलगा फेर्नांव यांच्या हाताखाली सुमारे 340 माणसे या कामावर होती. व्हिएगसकडे जहाजे बांधण्याची देखरेख होती. लढाईतील आरमाराचे नेतृत्व त्याच्याकडे कधीच नव्हते. ही तयारी जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहे असे सांगितले जात असले, तरी कल्याणची जहाजे पोर्तुगीजांच्या ठाणे-वसईवरूनच समुद्रात उतरणार होती. तेव्हा वसईच्या कप्तानाने व्हिएगस पितापुत्रांना फितविले आणि ते आपल्या माणसांसह काम अर्धवट टाकून निघून गेले.

कारागीर गेल्याने आरमार खुंटले, हेही खरे नाही. पुढच्याच पावसाळ्यात मोगल सरदार शायिस्ताखानाने चाकणचा संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने वेढला, किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्याला तो अखेर सोडावा लागला, आणि पुण्याचा मुलूख मोगलांच्या हाती असताना समुद्राकडे पाहण्यास सवड कितीशी असणार? तरीही फेब्रुवारी 1665 मध्ये बसरूरच्या स्वारीवर 85 लहान व 3 मोठी जहाजे निघाली.

या आरमाराचे नेतृत्व होते दर्यासारंग, दौलतखान व मायनाक भंडारी यांच्याकडे. त्यांचा भर गलबतांवर, म्हणजे शीड व वल्ही अशा दोहोंवर चालणाऱ्या हलक्या लढाऊ जहाजांवर, होता. 1679 मध्ये मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर तटबंदी सुरू झाली, तेव्हा इंग्रजांची शिडाची जहाजे वारा पडला की जागच्या जागी अडकत, आणि मराठ्यांच्या होड्या मात्र रात्री किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून वल्हवत बेटावर रसद पोहोचवीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांनी धरले, आणि बेट अखेर महाराजांकडेच राहिले.

पुढे मराठा आरमाराचे प्रमुख झालेल्या कान्होजी आंग्र्यांच्या पदरी काही युरोपीय गोलंदाज होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सरखेल ही आरमारप्रमुखाची पदवी कान्होजींनंतरही आंग्रे घराण्यातच चालली.