मांडीचा स्नायू, दंडाचे काम

माजिवड्याहून निघालेला घोडबंदर रोड कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असा गायमुखच्या घाटात चढतो आणि घोडबंदर गावापुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात. कामावर निघालेली मंडळी, शाळेच्या बस, पार्सल पोचवणारी पोरे हीसुद्धा याच रस्त्यावर असतात. वर मेट्रोचे खांब, खाली अरुंद झालेल्या मार्गिका आणि पावसाळ्यात खड्डे. अशा रस्त्यावर सर्वांत उघडा असतो तो दुचाकीस्वार.

त्याच्या अपघाताची बातमी झाली तर ती मृत्यूची होते. पण जे वाचतात, त्यांच्यातल्या काहींचा एक हात खांद्यापासून लुळा पडलेला असतो. हाड जुळते, जखम भरते, हात मात्र उचलत नाही. असा हात पुन्हा कामाला लावण्याचे शास्त्र आज चांगले प्रगत आहे आणि त्यात मुंबई-पुण्याच्या सर्जनांचा मोठा वाटा आहे. तरीही अनेक हात या शास्त्रापर्यंत वेळेत पोचत नाहीत. म्हणून या आढाव्यात शस्त्रक्रियांइतकेच महत्त्व कॅलेंडरला दिले आहे.

मानेजवळ काय तुटते

दुचाकी घसरते तेव्हा बहुधा खांदा आधी जमिनीवर आपटतो आणि डोके विरुद्ध बाजूला फेकले जाते. मान आणि खांदा क्षणात एकमेकांपासून दूर ओढले जातात. त्या दोहोंमध्ये, कॉलरबोनच्या मागे, हाताकडे जाणाऱ्या सगळ्या नसांचे जाळे असते. डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. मणक्यातून निघणाऱ्या पाच मुळांपासून ते बनते. वरच्या मुळांवर खांदा उचलणे आणि कोपर वाकवणे अवलंबून असते, मधल्यावर प्रामुख्याने कोपर आणि मनगट सरळ करणे, तर खालच्यांवर बोटांची पकड. हेल्मेट डोके वाचवते, जीव वाचवते. खांद्याला मात्र तसे कवच नसते.

नसेला नुसता ताण बसला असेल तर ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सावरते. ती मध्येच तुटली असेल तर पायातली एखादी संवेदनेची नस काढून तिचा सांधा देता येतो. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे मूळच पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपासून उपटले जाणे. तिथे सांधायला मागे टोकच उरत नाही. अशा रुग्णाच्या बधिर हातात रात्रंदिवस आग होते, कोणी हात चिरडतो आहे असे वाटते. हाताला स्पर्श कळत नाही आणि वेदना मात्र कळते, हे घरच्यांना पटणे कठीण जाते. ही वेदना खरी असते आणि तिच्यावर वेगळी औषधे असतात. त्या बाजूची पापणी किंचित खाली आली असेल आणि बाहुली लहान दिसत असेल, तर खालचे मूळ उपटले गेल्याची दाट शंका घ्यावी लागते.

स्वित्झर्लंडमधील लोझानचे सर्जन अल्गिमांतास नाराकास यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या अनुभवावरून १९८५ मध्ये एक ढोबळ नियम मांडला. या इजांपैकी सुमारे ७० टक्के वाहन अपघातांतल्या, त्यातल्या ७० टक्के दुचाकीच्या आणि त्यातल्या ७० टक्के रुग्णांना शरीरात इतरत्रही गंभीर मार. शेवटचा आकडा घोडबंदरसारख्या रस्त्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मांडीचे हाड मोडलेले, डोक्याला मार, रुग्ण आयसीयूत. अशा वेळी न हलणारा हात सर्वांच्या यादीत शेवटी जातो. महिना-दीड महिन्याने तो लक्षात आला, तरी ‘सूज उतरली की येईल’ असे म्हणून मालिश सुरू होते.

नसेची चाल आणि स्नायूची मुदत

तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मानेजवळच्या सांध्यापासून दंडातल्या बायसेप्सपर्यंत पाव मीटरच्या आसपास अंतर धरले, तरी आठ-नऊ महिने लागतात. बोटांपर्यंत जायचे तर दोन वर्षांच्या आसपास. इकडे आदेश न मिळालेला स्नायू रोज सुकत असतो. त्याच्यावर नस जिथे टेकते त्या जागा हळूहळू नाहीशा होतात आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तिचा उपयोग होत नाही. म्हणून नसेवरची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या आत व्हावी, असा जगभरच्या सर्जनांचा आग्रह असतो. पहिले काही आठवडे वाट पाहणे योग्यच, पण ते तपासण्यांसह. ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, आणि नसांची वहन-तपासणी सुमारे तीन-चार आठवड्यांनंतर विश्वासार्ह ठरते. मानेच्या एमआरआयमध्ये मुळे उपटली आहेत का, याचा अंदाज येतो.

मूळ उपटले असेल तर दुसऱ्या नसेचा वाटा वळवून आणावा लागतो. शेतात एका पाटाचे पाणी दार धरून दुसऱ्या वाफ्याकडे न्यावे, तसेच हे काम. ब्रिटनमध्ये सेडन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बरगड्यांमधल्या नसा दंडाच्या नसेला जोडून दाखवल्या. १९९४ मध्ये फ्रान्सचे क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी आणखी जवळची वाट काढली. बोटांकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक छोटा पदर वेगळा करून तो बायसेप्सच्या नसेला, स्नायूच्या अगदी जवळ जोडायचा. अंतर काही सेंटिमीटरच राहते आणि कोपर काही महिन्यांतच वाकू लागते. हाताची पकडही सहसा कमी होत नाही. वरची मुळे तुटली असूनही हाताचा पंजा चालू असलेल्या रुग्णांसाठी ही शस्त्रक्रिया आज प्रमुख पर्याय आहे.

पण सगळी पाचही मुळे गेली असतील, किंवा रुग्ण वर्ष उलटून आला असेल, तर? तेव्हा नसेबरोबर स्नायूही दुसरीकडून आणावा लागतो.

स्वतःच्याच शरीरातून उसने

शरीराचा एक भाग दुसऱ्या जागी नेऊन लावण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक पुण्यात कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवले गेले आणि ती हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. युरोपातल्या शल्यविशारदांनी ती पद्धत पुढे उचलली.

स्नायूंच्या बाबतीत आपल्याकडचा पाया कुष्ठरोगाने घातला. या रोगात नस निकामी होऊन बोटे आखडतात. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस, अजून काम करत असलेल्या स्नायूंच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, वळवून आखडलेली बोटे सरळ करायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशीर अंतिया पुण्याजवळच्या कोंढव्यातील कुष्ठरुग्णालयात हेच काम करत होते. पुढे त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या हातांवर हे शास्त्र आपल्याकडे शिकले गेले, याची जाणीव ठेवली पाहिजे.

तत्त्व साधे आहे. एकाच कामाला अनेक स्नायू असतील, तर त्यातला एक उसना घेता येतो. कोपराखालच्या स्नायूंचा उगम दंडाच्या हाडावर वर सरकवून कोपर वाकवण्याची युक्ती स्टाइंडलर यांनी १९१८ मध्येच मांडली होती. पाठीचा रुंद स्नायू, लॅटिसिमस, खांद्याखालून फिरवून दंडात बसवता येतो. खांदा उचलायला मानेलगतचा ट्रॅपेझियस वापरता येतो. जन्मावेळी खांदा ओढला गेलेल्या बाळांमध्येही अशा स्नायू-बदलांचा चांगला उपयोग होतो. अट एकच: उसना घ्यायचा स्नायू स्वतः जोरकस हवा. पूर्ण हातच लुळा असेल तर जवळ असा स्नायू उरत नाही.

मांडीतला ग्रॅसिलिस

मग सर्जन मांडीच्या आतल्या बाजूला जातो. तिथे ग्रॅसिलिस नावाचा लांब, सडपातळ स्नायू असतो. मांडी आत ओढण्याचे त्याचे काम शेजारचे स्नायू करत असल्याने तो काढला तरी चालण्यात सहसा अडचण येत नाही. त्याची रक्तवाहिनी आणि नस ठरलेल्या जागी सापडते.

असा स्नायू पूर्ण सुटा करून दूर जोडणे मायक्रोसर्जरीमुळेच शक्य झाले. जपानमध्ये तामाई यांनी १९७० मध्ये कुत्र्यांवर ते करून दाखवले. १९७३ मध्ये शांघायच्या सर्जनांनी छातीचा स्नायू हाताच्या पुढच्या भागात बसवला. १९७६ मध्ये हारिई यांनी लकव्याने वाकड्या झालेल्या चेहऱ्यासाठी ग्रॅसिलिस वापरल्याचे प्रसिद्ध केले आणि टोरोंटोच्या राल्फ मँक्टेलो यांनी हातासाठी या शस्त्रक्रियेचे तंत्र पक्के केले. मांडीत असतानाच स्नायूवर दर पाच सेंटिमीटरला टाक्याची खूण करायची आणि नव्या जागी त्या खुणांमधले अंतर तेवढेच राहील असा तो ताणून बसवायचा, ही त्यांची पद्धत. सैल बसला तर स्नायू ओढत नाही, फार ताणला तरी ओढत नाही.

शस्त्रक्रियेत ग्रॅसिलिसचे वरचे टोक कॉलरबोनला आणि खालचे कोपरापलीकडे बायसेप्सच्या टेंडनला शिवतात. रक्तवाहिन्या केसाहून बारीक धाग्याने मायक्रोस्कोपखाली जोडतात. मग खांदे उडवणारी अॅक्सेसरी नस किंवा बरगड्यांमधल्या नसा स्नायूच्या नसेला जोडतात. इथेच या शस्त्रक्रियेचे मर्म आहे. हा स्नायू शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत मांडीत जिवंत आणि कामाचा होता आणि नवी नस त्याच्या अगदी जवळ जोडली आहे. त्यामुळे मुदत नव्याने सुरू होते आणि उशिरा आलेल्या माणसालाही संधी मिळते. जपानचे काझुतेरू दोई यांनी १९९० च्या दशकात दोन्ही मांड्यांतले ग्रॅसिलिस दोन टप्प्यांत वापरून, पूर्ण लुळ्या हातात कोपरासोबत बोटांची पकडही आणण्याची पद्धत विकसित केली.

आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमध्ये डॉ. मुकुंद थत्ते आणि पुण्यात डॉ. अनिल भाटिया यांनी ब्रेकियल प्लेक्ससच्या शस्त्रक्रियांना आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग दिला आहे. दक्षिणेत कोइंबतूरचे गंगा हॉस्पिटल या कामासाठी ओळखले जाते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रुग्णाला परदेशी जायची गरज नाही.

शस्त्रक्रियेनंतरची दोन वर्षे

टाके निघाले म्हणजे काम संपले, असे इथे नसते. काही आठवडे हात पट्ट्यात. स्नायूची पहिली फुरफुर बहुधा तीन ते सहा महिन्यांत दिसते. बरगड्यांच्या नसा जोडलेल्या रुग्णाचे कोपर सुरुवातीला खोल श्वास घेतल्यावर किंवा खोकल्यावर वाकते. पुढे सरावाने मेंदू नवी जोडणी शिकतो आणि श्वास न रोखता, फक्त मनात आणून हात वाकू लागतो. पूर्ण ताकद येण्यास वर्ष ते दोन वर्षे लागतात.

या काळात कुटुंबाचा वाटा मोठा असतो. खांदा, कोपर, बोटे रोज हाताने हलवून सांधे मोकळे ठेवावे लागतात. सांधा आखडला तर नवा स्नायू काहीच करू शकत नाही. बधिर हाताला चहाचा पेला, इस्त्री, गाडीचा सायलेन्सर यांपासून जपावे लागते. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत फिजिओथेरपीला जाणे हेसुद्धा एका हाताने करायचे काम आहे. म्हणून फिजिओथेरपी घराजवळ मिळणे ही चैन नव्हे.

अपेक्षा स्पष्ट हवी. पूर्ण लुळा हात पहिल्यासारखा होत नाही. पण कोपर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वाकले, खांदा स्थिर झाला, कागद दाबून धरता आला, पिशवी कोपरात अडकवता आली, तर दुसऱ्या हाताला जोडीदार मिळतो. शर्टाची बटणे, जेवणाचे ताट, बाळाला उचलणे: रुग्णाच्या लेखी यश इथे मोजले जाते.

वाट कुठे अडते

आपली अडचण कौशल्याची नाही, वेळेत पाठवण्याची आहे. अपघातानंतर रुग्णालयातून सोडताना डिस्चार्ज कार्डावर खांदा, कोपर, मनगट, बोटे हलतात का, हे चार शब्दांत लिहिले जावे. हलत नसतील तर सहाव्या आठवड्याच्या फेरतपासणीची तारीख आणि पुढे कुठे जायचे ते त्याच कार्डावर असावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. महापालिका आणि जिल्हा रुग्णालयांनी ठरवले तर ही नोंद उद्यापासून सुरू होऊ शकते. सोबत रुग्णाला त्याचे हक्कही सांगितले जावेत. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे हाताचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास अनेक सवलती लागू होतात आणि मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे भरपाईचा दावा करताना उपचारांची सगळी कागदपत्रे उपयोगी पडतात.

वाचकांच्या घरी, सोसायटीत, ऑफिसात असा एखादा तरुण असेल, तर त्याला ‘देव बरे करील’ एवढेच म्हणून थांबू नका. अपघाताची तारीख विचारा आणि महिने मोजा. सहा आठवड्यांत हात हलला नसेल तर त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा आणि विचारा: ईएमजी कधी करायची आणि ब्रेकियल प्लेक्ससच्या सर्जनकडे कधी पाठवणार? आणि वर्ष उलटून गेले असले तरीही जा. नसेची मुदत संपली असेल, पण त्याच्या मांडीतला स्नायू अजून शिल्लक आहे.